वासराच्या कप्प्यासाठी सौर झटका मशीन: कुठे चालतं, कुठे कमी पडतं

छोट्या कुरणात मोठी जनावरं आणि नुकतं जन्मलेलं वासरू एकत्र सांभाळायचं म्हटलं की हल्ली दुकानदार सरळ सौर झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारं यंत्र, पुढे करतो. चार खांब, एक तार, वर पॅनल, झालं काम, असं त्याचं म्हणणं. काम होतं, पण अर्धं. मोठ्या जनावरांना वासरापासून लांब ठेवायला हे यंत्र उत्तम आहे. वासराला मोठ्यांपासून लांब ठेवणं मात्र त्याला झेपत नाही, निदान पहिले तीन आठवडे तरी. त्यामुळे हे परीक्षण मशीनचं असलं तरी त्यात चेनलिंक जाळीबद्दलही बरंच येणार आहे.

हिशेब धरलाय तो वीस गुंठ्यांच्या गवताळ तुकड्याचा. त्यात चार-पाच मोठी जनावरं, एखाददुसरी कालवड आणि एक ताजं वासरू. एवढ्या जागेवर एवढ्या जनावरांचं पोट भरत नाही. वैरण, कडबा, मुरघास बाहेरूनच द्यावा लागतो. कुरण असतं ते फिरण्यासाठी आणि थोड्या ओल्या चाऱ्यासाठी. मुक्त संचार गोठ्याला लागून असा तुकडा ज्यांच्याकडे आहे, त्यांना पुढचं सगळं लागू पडेल.

आधी अडचण नेमकी काय ते. सगळ्यांना भीती असते शिंगांची आणि ती खोटी नाही. खिलारसारख्या लांब शिंगांच्या गाईने नुसती मान झटकली तरी चार दिवसांच्या वासराला जबर इजा होऊ शकते. पण याहून सहज नजरेतून सुटणारा एक प्रकार आहे. कळपात दिवस भरलेली दुसरी गाय असेल तर ती नव्या वासराला चाटायला लागते, आपलंच समजून जवळ घेते आणि खऱ्या आईला ढुशा मारून हाकलते. वासराला काय, जी कास मिळेल ती तोंडात. मग त्या गाईचा चीक तिचं स्वतःचं वासरू जन्मण्याआधीच पिऊन संपतो, आणि इकडे खरी आई तटतटलेली कास घेऊन हंबरत फिरते. म्हणजे एकाच वेळी दोन वासरांचं नुकसान. म्हणून वासरापासून सर्वांत आधी कोणाला वेगळं काढायचं, तर मारक्या गाईच्या बरोबरीने दिवस भरलेल्या गाईला.

दुसरा त्रास वर्ष-दीड वर्षाच्या कालवडींचा. त्यांच्या मनात खोट नसते, मस्ती असते. पण दोनशे किलोची मस्ती तीस किलोच्या वासराला परवडत नाही. तिसरा, वासराच्या लपून पडायच्या सवयीचा. जन्मल्यावर आठवडाभर ते बहुतेक वेळ झोपून काढतं. आई त्याला बांधालगतच्या उंच गवतात ठेवून चरायला जाते. वासरू जागं होतं, उठताना तारेखालून पलीकडे सरकतं आणि मग परत यायची वाट त्याला सापडत नाही. मोठं जनावर कुंपण ‘बघतं’, नवजात वासराला ते काय आहे हेच कळत नसतं.

आता यंत्राकडे. नाव कुठल्याही कंपनीचं असो, पेटीत साधारण एकच ऐवज निघतो: मशीन, १२ व्होल्टची बॅटरी, छोटं सौर पॅनल, सायरन, थोडे इन्सुलेटर आणि अर्थिंगची एक आखूड सळई. मशीन साधारण सेकंदाला एक झटका तारेत सोडतं. व्होल्टेज हजारांत असतं, पण प्रवाह क्षणभरच वाहतो, म्हणून जनावर दचकतं आणि मागे हटतं, त्याला इजा होत नाही. किंमत दोन-अडीच हजारांपासून दहा-बारा हजारांपर्यंत जाते आणि विकणारा ती ‘किती एकर’ या भाषेत सांगतो. त्या भाषेला फारसा अर्थ नाही. एकर तेवढेच असून तार किती पदरी आहे, गवत किती टेकतंय, जमीन किती कोरडी आहे यावर सगळं बदलतं. विचारायचं ते एका झटक्याची ऊर्जा किती ज्यूल. वीस गुंठ्यांचा चौकोनी तुकडा म्हणजे साधारण १८० मीटरचा घेर. दोन पदरी तार आणि कुरणाचे भाग पाडणाऱ्या आतल्या आडव्या तारा धरल्या तरी पाच-सहाशे मीटर तार होते. एवढ्याला अर्धा ते एक ज्यूलचं मशीन पुरतं. मोठं मशीन घेतलं की वासरू जास्त सुरक्षित होतं हा गैरसमज आहे. होतं ते उलटच.

बॅटरीचा हिशेब विकत घेण्याआधी कागदावर करून बघा. मशीन सरासरी १०० ते १५० मिलिॲम्पियर घेत असेल, तर २४ तासांत अडीच ते साडेतीन ॲम्पियर-अवर लागतात. सोबत येणारी ७ ॲम्पियर-अवरची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे वापरायला मिळतात साडेतीन. १० वॉटचं पॅनल कडक उन्हात पाच तास चाललं तर अडीच-पावणेतीन देतं. एप्रिलमध्ये कसंबसं निभावतं. आषाढात सलग दोन दिवस आभाळ भरलं की तिसऱ्या पहाटे तार मेलेली असते, आणि गाईला ते तुमच्या आधी कळतं. पॅनल २० वॉटचं आणि बॅटरी १२ ॲम्पियर-अवरची घेतली तर हा प्रश्न मिटतो. जादा पैसे घालायचेच असतील तर इथे घाला, ज्यूल वाढवण्यात नको.

आणि इथे घालण्याआधी अर्थिंगमध्ये घाला. झटका मशीन ‘चालत नाही’ म्हणून परत आणलं जातं, तेव्हा दोष बहुतेक वेळा मशीनमध्ये नसतो, जमिनीत असतो. विजेचा फेरा पुरा होतो तो असा: मशीनमधून तारेत, तारेतून जनावरात, जनावराच्या खुरांतून जमिनीत, जमिनीतून अर्थिंगच्या सळईत आणि परत मशीनमध्ये. मे महिन्यात मुरमाड जमीन भाजून निघालेली असताना या वाटेतला जमिनीचा तुकडा जवळजवळ बंद असतो. मशीनवरचा काटा नऊ हजार दाखवतो आणि गाय तारेला खुशाल पाठ घासते. पेटीतली हात-दीड हात लांबीची सळई अशा जमिनीत शोभेची आहे.

सहा फुटी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या) सळया तीन, एकमेकींपासून दहा-दहा फुटांवर, पूर्ण लांबीने जमिनीत, आणि तिघींना एकाच तारेने क्लॅम्प लावून घट्ट जोडायचं. नुसती तार गुंडाळली तर वर्षभरात गंजून सांधा सुटतो. जागा निवडताना हौदाच्या सांडव्याजवळची, कायम ओल असणारी बघा, पण घराच्या किंवा मोटरच्या अर्थिंगपासून किमान १० मीटर लांब. खड्ड्यात कोळसा घालणं चांगलं. मीठ घालायची आपल्याकडे पद्धत आहे. ओल धरून ठेवतं खरं, पण जीआयचं जस्तही खातं, तेव्हा घातलं तर दर वर्षी सळई उकरून बघावी लागते. खडक लागून सळई उतरतच नसेल तर दोन पदरी कुंपणात एक तार जिवंत आणि दुसरी अर्थची ठेवायची. जनावराने दोन्हींना एकदम स्पर्श केला की जमीन कोरडी असली तरी झटका बसतो.

अर्थिंग पुरतंय का, हे तपासायची पद्धत सोपी आहे आणि माहितीपत्रकात क्वचितच दिलेली असते. मशीनपासून शंभर मीटरवर दोन-तीन लोखंडी पहारी जमिनीत ठोकून तारेला टेकवा, म्हणजे तारेवरचं व्होल्टेज दोन हजारांच्या खाली येईल. हे करताना मशीन बंद, मग चालू. आता टेस्टरची एक बाजू अर्थिंगच्या शेवटच्या सळईला आणि दुसरी तीन फुटांवर जमिनीत खोचलेल्या वेगळ्या खिळ्याला लावा. आकडा २०० ते ३०० व्होल्टच्या आत हवा. त्याहून जास्त आला तर आणखी एक सळई. हजार-बाराशेचा डिजिटल टेस्टर यासाठी घ्यावाच. स्वस्त, दिवे लुकलुकणारे टेस्टर ‘आहे की नाही’ एवढंच सांगतात. रोजच्या वापरात कुंपणाच्या शेवटच्या टोकाला ३,००० व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये. चार-पाच हजार असतील तर निर्धास्त.

तारेत आपल्याकडे दोन पर्याय चालतात, जीआय आणि क्लच वायर, म्हणजे बारीक तारा पिळून केलेली लवचिक तार. बाहेरच्या कायमच्या कुंपणाला १४ गेज जीआय बरी. ताणून राहते आणि वीज कमी खाते. आतल्या सरकत्या पट्ट्यांना क्लच वायर, कारण ती गुंडाळता येते, वाकवून मोडत नाही. तिची खोड अशी की ती दिसत नाही. पळत आलेली कालवड तारेवर आदळेपर्यंत तार आहे हे तिला कळत नाही. दर सहा फुटांवर पांढऱ्या गोणपाटाची वीतभर पट्टी बांधली की हा प्रकार थांबतो. पांढरी पॉलिटेप (बारीक तारा विणलेली प्लॅस्टिकची पट्टी) मिळाली तर उत्तमच, वाऱ्यात फडफडते तेवढी. इन्सुलेटरवर काटकसर नको. पाण्याच्या पाइपचे तुकडे कापून लावलेले उन्हाने दीड-दोन वर्षांत तडकतात, पावसात त्या तडीतून लाकडी खांबात वीज झिरपते आणि रात्री खांबापाशी टिकटिक आवाज येऊ लागतो. तो आवाज आला की समजायचं, झटका गळतोय.

उंची. मोठ्या गाईंना एकच तार जमिनीपासून ३० ते ३४ इंचांवर पुरते, नाकाच्या रेषेत. दोन पदरी करायची तर दुसरी १८ इंचांवर. दुकानात सांगतात की खालची तार वासरासाठी. इथेच गडबड आहे. दोन आठवड्यांचं वासरू अठरा इंचांखालून मान घालून सहज जातं, आणि अर्धं गेल्यावर पाठीला झटका बसला तर मागे न येता पुढे उडी मारतं. मोठं जनावर नाकाने तार हुंगून शिकतं. नाक ओलं असल्याने झटका तिथे नीट लागतो आणि ते मागे सरतं. वासरू नाकाआधी अंगाने तारेत शिरतं, म्हणून शिकत नाही, फक्त घाबरतं. घाबरून पलीकडे गेलेलं वासरू आणि अलीकडे कुंपणावर धडका देणारी आई, हे चित्र ज्यांनी पाहिलंय ते खालची तार पुन्हा चालू करत नाहीत. म्हणून खालच्या पदराला वेगळा खटका बसवून घ्या, शंभर-दीडशे रुपयांत होतो. वासरू महिन्याभराचं होईपर्यंत खालचा पदर बंद. पावसाळ्यात गवत वाढून खालच्या तारेला टेकतं आणि सगळ्या कुंपणाचा जोर ओढून घेतं, तेव्हाही हाच खटका कामाला येतो.

मोठ्या जनावरांना तारेची ओळख मात्र वासरू जन्मण्याच्या बऱ्याच आधी झालेली हवी. दिवसा, छोट्या आवारात, पळायला मागे मोकळी जागा ठेवून दोन-तीन दिवस. गाभण गाईला शेवटच्या महिन्यात हे धडे देऊ नयेत, दोन महिने आधी उरकावं. म्हशींच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा: डुंबून आलेल्या म्हशीच्या अंगावर चिखल सुकला की तो कातडीवर लेप बनून बसतो आणि पाठीला झटका लागत नाही. तिलाही नाकानेच शिकू द्यावं लागतं.

मग वासराचं काय? त्याला जाळीचा कप्पा. १० बाय १२ फूट, कुरणाच्या एका कडेला, उंचवट्यावर, सावलीत, आणि मोठ्या जनावरांचं मूत-पाणी उतारानं तिकडे वाहून येणार नाही अशा जागी. भारतीय मानकांप्रमाणे लहान वासराला छपराखाली १ आणि उघड्यावर २ चौरस मीटर जागा पुरते, तेव्हा या कप्प्यात आई-वासरू चार दिवस आणि नंतर दोन-तीन वासरं आरामात राहतात. चेनलिंक २ इंची चौकटीची, १० किंवा १२ गेज, चार ते पाच फूट उंच. तीन इंची जाळी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका, वासराचा खूर त्यात जातो आणि अडकतो. विक्री किलोवर असते, म्हणून गेज स्वतः मोजून घ्या. १२ सांगून १४ ची, म्हणजे पातळ तारेची, जाळी गळ्यात मारणारे भेटतात. खालची कड सहा इंच जमिनीत गाडायची किंवा आडवा बांबू बांधून घट्ट करायची. कड सैल राहिली की वासरू तिथूनच डोकं बाहेर काढतं, आणि डोकं बाहेर गेलेल्या वासराला ते मागे घेता येत नाही.

मोठ्या गाई या जाळीला अंग घासतात, रेलतात, महिन्याभरात तिचा झोळ करतात. इथे झटका मशीन खरी चमक दाखवतं. जाळीच्या बाहेरच्या अंगाने, जाळीपासून एक फूट पुढे, ३० इंचांवर एकच जिवंत तार. लांब दांड्याचे इन्सुलेटर मिळतात ते वापरा. मोठ्यांना जाळीजवळ येता येत नाही, आणि आतल्या वासराचं नाक २ इंची चौकटीतून तारेपर्यंत पोचत नाही. दोघं एकमेकांना बघतात, हुंगतात, बास.

या जोडणीत एकच मोठा धोका आहे आणि तो कुठल्याही दुकानात सांगत नाहीत. इन्सुलेटर तुटून जिवंत तार जाळीवर पडली तर अख्खी जाळी झटका द्यायला लागते, आणि आत अडकलेल्या वासराला पळायला जागा नसते. म्हणून जाळीलाही मशीनच्या अर्थिंगची जोड तार द्या. मग तार जाळीला टेकली की व्होल्टेज एकदम कोसळतं आणि सायरन असलेल्या मशीनमध्ये तो वाजतो. अर्थिंग नीट असेल तरच हे काम करतं, ते वर आलंच आहे. पत्र्याची गव्हाण आणि लोखंडी हौद तारेपासून लांब ठेवा. काटेरी तारेत झटका सोडणं तर पूर्णपणे वर्ज्य. अडकलेलं जनावर किंवा माणूस सुटू शकत नाही.

कप्प्याला दाराखेरीज एक फट ठेवा: १४ इंच रुंद, वर तीन फुटांवर आडवा गुळगुळीत पाइप. यातून वासरू आत-बाहेर करतं, मोठं जनावर अडतं. दुसऱ्या आठवड्यापासून आत काफ स्टार्टरचं (वासरांच्या खुराकाचं) छोटं घमेलं ठेवलं की वासराला तिथे निवांत खाता येतं, मोठ्यांनी चाटूनपुसून नेलं असं होत नाही. शिंगांच्या जनावराचं डोकं फटीत शिरून अडकू नये म्हणून उभे पाइप टोकदार, खरखरीत नकोत आणि वरचा पाइप पक्का हवा. वासरू तीन-साडेतीन महिन्यांचं झालं की फट दोन इंचांनी रुंद करा.

वेळापत्रक थोडक्यात. जन्मल्यावर नाळेला ७ टक्के टिंक्चर आयोडीन, पुढचे दोन-तीन दिवस रोज दोनदा. चीक वजनाच्या दहा टक्के, म्हणजे ३५ किलोच्या वासराला साडेतीन लिटर. त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत पोटात गेलाच पाहिजे. आतड्यातून प्रतिपिंडं शोषली जाण्याची ताकद तासागणिक घटते आणि २४ तासांत जवळपास संपते. पहिले तीन-चार दिवस आई आणि वासरू दोघंच कप्प्यात. त्यानंतर तीन-चार दिवस बाकीची जनावरं जाळीपलीकडून बघतील, हुंगतील. शिंगकळ्या जाळायच्या असतील तर दहा-पंधरा दिवसांच्या सुमारास डॉक्टर बोलावून याच कप्प्यात उरकून घ्या. जंतनाशक पहिल्यांदा साधारण त्याच वेळी, मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने. पारडांच्या बाबतीत तर हे टाळूच नये, कारण त्यांना गोल जंत आईच्या दुधातून येतात.

बाहेर काढताना दिवस आणि वेळ बघा. मोठी जनावरं सकाळी उपाशी असताना वासरू सोडलं तर गव्हाणीवरच्या ढकलाढकलीत सापडतं. त्यांना दोन-तीन तास चरू द्या, पोटं भरून रवंथ करायला बसली की आईबरोबर वासरू सोडा. पहिल्या दिवशी सोबत एकच शांत, जुनी गाय. कालवडी दुसऱ्या पट्ट्यात. एखादी गाय माजावर असेल त्या दिवशी नको, कळप अस्वस्थ असतो. आणि त्या दिवसांत आईपासून माणसानेही जपावं. एरवी गरीब गाय कुत्रं जवळ दिसलं की अंगावर धावते, मध्ये माणूस आला तर तोही सापडतो.

झटका मशीनची दुसरी खरी कमाई म्हणजे कुरणाचे पट्टे. वीस गुंठ्यांचे चार भाग क्लच वायरने पाडा. नव्या, विसावलेल्या पट्ट्यात आधी आई-वासरू, ते पुढे सरकले की मागून मोठी जनावरं. वासराला कोवळं आणि शेण न पडलेलं गवत मिळतं. शेणातून येणारे जंत, रक्ती हगवण आणि जोन्ससारखा आतड्याचा जुनाट रोग हे मोठ्यांकडून लहानांकडे येतात. जोन्सची लागण बहुतेक सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना होते आणि लक्षणं दिसतात ती दोन-चार वर्षांनी, तोवर जनावर कळपात शेण टाकत फिरत असतं. पावसाळ्यात प्रत्येक पट्ट्याला पंचवीस-तीस दिवस विसावा मिळाला तर गवतही टिकतं. एवढं जमवायला दावं आणि खुंटा घेऊन रोज माणूस राबवावा लागला असता. तारेने ते दहा मिनिटांत होतं.

कप्प्यातलं अंथरूण कोरडं हवं, उसाचं पाचट किंवा भुसा. तपासायचं कसं? गुडघा टेकून दहा-पंधरा सेकंद बसा. पँट ओली झाली तर पाचट बदला. ओल्या अंथरुणावर हगवण आणि नाळेची सूज दोन्ही येतात.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, निफाड अशा उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको की हा सगळा बंदोबस्त दिवसाचा आहे. बिबट्या पाच फुटी जाळी सहज उडी मारून ओलांडतो आणि उडीत असलेल्या जनावराला झटका लागत नाही, कारण पाय जमिनीला नसतात. रात्री वासरू छप्पर आणि चारी बाजूंनी जाळी असलेल्या बंदिस्त गोठ्यातच हवं. ‘बिबटमुक्त’ म्हणून मशीन विकणाऱ्याकडे काणाडोळा करा. मोकाट कुत्र्यांना मात्र जमिनीलगत आठ-दहा इंचांवरची बाहेरची तार चांगली आवरते. वासरू बाहेरच्या कुंपणापर्यंत पोचत नसेल तरच ती लावा.

पावसाळ्यात वीज कडाडायला लागली की मशीन कुंपणापासून सोडवून ठेवा. तारेवर आलेला विजेचा लोट मशीनचा बोर्ड जाळतो आणि त्या बिघाडाला वॉरंटी बहुधा लागू नसते. वर्षात बोर्ड जाण्याचं मुख्य कारण हेच. पॅनलवरची धूळ आठवड्याला ओल्या फडक्याने पुसायची, बॅटरीच्या टोकांना ग्रीस लावायचं. सायरन शेजाऱ्यांना नको होईल इतका वाजत असेल तर तो काढून टाकण्याआधी का वाजतोय ते बघा. बहुतेकदा कुठेतरी ओलं गवत तारेवर पडलेलं असतं. रस्त्याकडच्या बाजूला पिवळी पाटी लावा.

एक गोष्ट वेगळी करून सांगायला हवी. मशीन बिघडलं म्हणून थेट २३० व्होल्टची लाइन तारेत सोडणं हा जीव घेणारा गुन्हा आहे. डुकरांसाठी सोडलेल्या अशा तारांनी माणसं आणि गुरं मेल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. झटका मशीन घेताना ते आयईसी ६०३३५-२-७६ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बनलंय का, ते बिलावर किंवा मशीनच्या पट्टीवर बघा. त्यात दोन झटक्यांमध्ये किमान एक सेकंदाचं अंतर असतं आणि ५०० ओहमच्या भारावर एका झटक्यात ५ ज्यूलच्या वर ऊर्जा जात नाही. गल्लीत जोडलेल्या मशीनला असली मर्यादा असेलच याची खात्री कोणी देत नाही.

गुण द्यायचे तर मोठी जनावरं आवरण्यासाठी पाचपैकी साडेचार, पट्टे पाडून चराईसाठी पाचपैकी पाच, एकट्या तारेवर नवजात वासरू सांभाळण्यासाठी एक. पेटीतल्या अर्थिंगला शून्य. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील आणि गाय महिन्याभरात विणार असेल तर आधी जाळीचा कप्पा उभा करा, मशीन पुढच्या हंगामात घ्या. दोन्ही एकदम जमत असेल तर एक ज्यूलच्या आतलं मशीन, २० वॉटचं पॅनल, तीन लांब सळया आणि डिजिटल टेस्टर एवढी यादी घेऊन जा. बोर्ड दुरुस्त करणारा तालुक्याच्या गावी आहे का, की मशीन कुरियरने परत पाठवावं लागतं, हे पैसे मोजण्याआधी विचारून घ्या. मशीन दुरुस्तीला गेलं की तेवढे दिवस गाई आणि वासरू यांच्यामध्ये फक्त जाळी उरते, आणि ती रेलून वाकवायला गाईंना फार वेळ लागत नाही.